जागच्या जागी

अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावी एमएस करताना कॅम्पस बसच्या स्टॉपवरून ती मला रोज सकाळी धावताना दिसायची. सिग्नल लाल असला, तरी जागच्या जागी पाय चालूच. टोपीवर हाताने शिवलेला झेंडा. गावातल्या रनिंग शूजच्या दुकानाने तिला आपली अ‍ॅम्बेसेडर केलं होतं. काचेवर तिचं पोस्टर होतं.

एकदा मी विचारलं, "जमैका ना? शंभर मीटर?"

"बार्बाडोस. मॅरेथॉन." पाय थांबले नाहीत. "पोस्टरवर आमच्याकडची मी एकटीच. मी दमले, तर अख्खं बेट दमलं म्हणतील."

सिग्नल बदलला, ती गेली.

दुपारी प्रोफेसर सगळ्यांसमोर मला म्हणाले, "तुम्हा इंडियन लोकांना हे गणित सोपंच असेल!"

मला ते अजिबात सुटत नव्हतं. मी हसून मान हलवली. टेबलाखाली माझे पाय धावायला लागले होते.