दोरीच्या बाहेरच्या टोकाला

शुक्राचं काम आमच्या लेखी काम नव्हतंच. तळोज्याच्या आमच्या केमिकल कारखान्यात दिनानाथ टाकी साफ करायला आत उतरायचा आणि नेऱ्याकडच्या वाडीतून येणारा शुक्रा त्याच्या पट्ट्याची दोरी धरून बाहेर उभा राहायचा. दर पाच मिनिटांनी शुक्राने दोरीला हिसका द्यायचा, आतून दिनानाथने द्यायचा. म्हणजे आतला माणूस वायूने गुदमरलेला नाही, शुद्धीवर आहे, हे कळायचं. "नुसतं उभं राहायचा पगार घेतो लेकाचा," असं आम्ही म्हणायचो. नऊ वर्षांत त्याला कुणी शाबास म्हटलं नाही, दिनानाथनेही नाही.

गेल्या मंगळवारी आतून उत्तर आलं नाही. शुक्राने पुन्हा हिसका दिला. दोरी तशीच. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. हाका मारल्या, पण टाकीत हवा सोडणाऱ्या पंख्याच्या घरघरीत काही ऐकू येईना. सुपरवायझर निकेश म्हणाला, "थांब रे, कामात असेल." शुक्रा कसला थांबतोय! दोरी गुंडाळायचं हँडल तो गरागरा फिरवत सुटला. तोंडाने "दादा, ओ दादा" चाललेलं.

दिनानाथ वर आला तो ठणठणीत, शिव्या घालतच. उत्तर द्यायला विसरला होता! सगळे पोट धरून हसले. मीही हसलो, सांगायला लाज वाटते. निकेशने बजावलं, "उद्यापासून दोरीवर दुसरा माणूस बघतो."

त्या संध्याकाळी शुक्रा अर्ध्या भाकरीवरून उठला. हे काम सुटलं की पुन्हा वीटभट्टी, एवढंच डोक्यात घोळत होतं. बायकोला, म्हणजे चिंधीलाही, त्याने काही सांगितलं नाही. हे सगळं त्यानेच मला मागाहून सांगितलं.

सकाळी गेटवर दिनानाथला उभा बघून तो जागीच थबकला.

"दादा, चुकी झाली माजी."

दिनानाथने त्याचा हात धरला आणि आम्हा सगळ्यांसमोर निकेशला हाक मारली. "साहेब, चूक माझी होती. घरी बायकोला गंमत म्हणून सांगितलं, तर सुमती रडायलाच लागली. म्हणाली, तुमच्यासाठी मी एकटीच घाबरते असं वाटायचं मला." मग तो शुक्राकडे वळला. "नऊ वर्षं तू लक्ष ठेवलंस, म्हणून मी रोज घरी गेलो. एकदाही शाबास म्हटलं नाही रे तुला. साहेब, दोरीवर हा नसेल तर मी आत उतरणार नाही."

"बरं, लागा कामाला," निकेश म्हणाला.

शुक्रा दोरीच्या गाठी तपासत बसला.

संध्याकाळी भाकरीचा तुकडा मोडून तो चिंधीला म्हणाला, "भाकर चांगली केलीस. रोजच चांगली करतेस."

चिंधीचा हात तव्यावरच थांबला. चेहरा पार उतरला. "खरं सांगा, काय झालं? काम गेलं ना?"

"नाय गं. काम हाय."

तिला काही ते खरं वाटेना. तिने पिठाचा हात पदराला पुसला आणि त्याच्या कपाळाला लावून ताप आहे का बघितलं.