बानाबाईंची खसखस

आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बानाबाईंना हवा दिसते, हे मला तिथल्या नोकरीच्या सहाव्या वर्षी कळलं. तेही वर्ग चालू असताना आणि मी नेमकं त्याच्या उलट शिकवत असताना.

शाळा जिल्हा परिषदेची, शेंद्र्याच्या अलीकडे मोठा रस्ता सोडून आत गेलेल्या एका वस्तीवर. मी शहरातून रोज स्कूटीवर जाते. पाचवीच्या वर्गाला लागूनच स्वयंपाकाची खोली आहे, मधलं दार कायम उघडं. त्यामुळे माझ्या प्रत्येक तासाला फोडणीचा वास असतो आणि बानाबाईंचे कान असतात. त्या दिवशी हवेचा पाठ होता.

"हवेला रंग नाही," मी म्हटलं. "वास नाही. आणि हवा डोळ्यांना..."

"दिसत नाही!" पोरं ओरडली.

"कामून दिसत नाय?" दारातून आवाज आला.

बानाबाई हातात डाव घेऊन उभ्या होत्या. बुटक्या, काटक, पन्नाशी ओलांडलेल्या. कपाळावर हिरवं गोंदण. डोळे नेहमी बारीक केलेले, समोरच्या माणसात काहीतरी खोट शोधत असल्यासारखे.

"बानाबाई, हवा कशी दिसेल?"

"ही काय! भरून पडलीय की." त्यांनी डाव हवेत फिरवला. "खसखशीवाणी. उकळत्या दुधात खसखस कशी वरखाली होती, तशी. फळ्यावर हाय, तुमच्या साडीवर हाय."

"आणि डोळे मिटले तर?"

त्यांनी लगेच मिटून पाहिले. "तवा बी हाय. अंधारातली खसखस."

मी हसले. चूक झाली, पण हसले. मग वर्गाला विचारलं, "अजून कुणाला दिसते?" एक हात वर आला. मग सात. मग सगळे. शेवटच्या बाकावरून माहिती मिळाली की हवेत खसखशीबरोबर एक छोटा ट्रॅक्टरही फिरतोय. मी पाठ तिथंच आवरला.

मधल्या सुट्टीत मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्या चेष्टा करत नव्हत्या. लहानपणी बापामागं मेंढरं घेऊन हिंडायच्या तेव्हापासून त्यांना असंच दिसत होतं. "कधी कुणाला विचारलं नाहीत?" असं मी म्हटल्यावर त्यांनी मला वेड्यात काढलं. "तुमी कुणाला विचारता का, तुमाला आभाळ दिसतं का म्हणून?"

एवढं बोलताना त्या सुपातले तांदूळ निवडत होत्या. एवढ्या वळवळीत खडा कसा सापडतो, ते मला कळेना.

"लई सोपंय. जे पळतं ती हवा. जे बसून ऱ्हातं तो खडा."

हे मात्र मान्य करायलाच हवं. सहा वर्षांत आमच्या खिचडीत कुणाच्याच दाताखाली खडा आलेला नाही.

एकदा विषय निघाला तसं आणखी एकेक बाहेर पडायला लागलं. भगोण्यातून भरलेला डाव ताटाकडे नेला की त्याच्या मागे पाच-सहा डावांची रांग लागते, म्हशींसारखी. पहिला खरा, मागचे उगाच आलेले. कानात बारा महिने रातकिडे वाजतात. आणि उजेडाच्या खिडकीकडे पाहून नजर दुसरीकडे वळवली, की खिडकी गजांसकट तिथं जाऊन बसते.

"सही करायला हापिसात जाते ना, तर समोर खिडकी. मग सरांकडं बघते. सरांच्या तोंडावर गज. तुरुंगात बसल्यावाणी दिसतात! मला हसूच आवरत नाय."

आमचे मुख्याध्यापक बुद्धभूषण सर फार शांत माणूस. बानाबाई रोज सकाळी आपल्याकडे बघून पदरात तोंड का लपवतात, हे त्यांना कित्येक वर्षं कळलेलं नव्हतं. त्यांचा समज होता की त्या रंगवलेल्या मिशांना हसतात. त्यासाठी त्यांनी दोनदा रंग बदलला होता, आणि एकदा मिशाच काढल्या होत्या. मी जाऊन खरी गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी मिशांवरून हळूच बोट फिरवलं.

"म्हणजे मिशा ठीक आहेत?" त्यांनी शेवटी विचारलं.

बानाबाईंनी त्या दिवशी घरी जाऊन नवऱ्याला गाठलं. कडूबा आप्पा शेरडांना पाला टाकत होते. दुसऱ्या दिवशी बानाबाईंनीच मला सगळं सांगितलं.

"मी इचारलं, तुमाला खसखस दिसती का? तर म्हणतात, कुठं सांडली?"

मग त्यांनी आप्पांना आभाळाकडे बघायला लावलं. आप्पांना आभाळ दिसलं. नुसतं, निळं. बानाबाईंनी तीनदा विचारलं, तिन्ही वेळा नुसतंच निळं. छत्तीस वर्षं एका बांधावर बसून दोघांनी भाकर खाल्ली होती, आणि दोघांच्या डोक्यावरचं आभाळ वेगळं होतं.

"मला लई वाईट वाटलं, म्याडम," बानाबाई म्हणाल्या.

"होतं असं. पण काळजी करू नका, आपण डॉक्टरांना..."

"माझं नाय वो! त्यांचं. तुमच्या समद्यांचं. कायच नाय म्हंजी? रिकामं रिकामं नाय वाटत?"

मी खिडकीतून आभाळाकडे पाहिलं. नुसतंच निळं.

मी माझं विज्ञान सावरायला म्हणून वर्गात सांगितलं की हवा दिसत नाही, पण हवेत धुळीचे कण असतात, जंतूही असतात. पोरांनी हे घेतलं, त्याला बानाबाई जोडल्या आणि संध्याकाळपर्यंत घरोघर पोचवलं. बानाबाईंना जंतू दिसतात.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सरपंच सोमनाथभाऊ शाळेत हजर झाले. मागे पंधरावीस माणसं. सोमनाथभाऊंनी नुकतंच ग्रामपंचायतीशेजारी पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलं होतं, उद्घाटनाचा हार अजून त्याच्यावर वाळत होता. त्यांच्या एका हातात यंत्राच्या पाण्याचा पेला, दुसऱ्या हातात टाकीच्या पाण्याचा.

"बानाबाई, समद्यांसमोर सांगा. कोणत्या पाण्यात हाय?"

बानाबाईंनी दोन्ही पेले उजेडात धरले. डोळे आणखी बारीक केले. माणसं श्वास रोखून उभी.

"दोन्हीत हाय," त्या म्हणाल्या.

"यंत्राच्या पाण्यात बी?"

"व्हय. लई वळवळू राह्यलंय." मग त्यांनी मान वर करून सरपंचांकडे नीट पाहिलं. "तुमच्या टोपीवर बी हाय. नाकावर तर इचारूच नका."

सोमनाथभाऊंनी रुमाल काढून नाक पुसलं. "आता?"

"हाय तसंच हाय."

त्यानंतरचा आठवडा बानाबाईंच्या आयुष्यातला सगळ्यात धकाधकीचा गेला. यंत्राकडे कुणी फिरकेना. लोक दूध, दही, पिठाचे डबे घेऊन शाळेच्या ओट्यावर यायचे. बानाबाई बघायच्या, खरं तेच सांगायच्या, "हाय." एकानं तर मुक्कामाला आलेल्या मेव्हण्यालाच आणून उभं केलं. "ह्याला बघा बरं, आल्यापासून माझ्या घरात समद्यांना खोकला हाय." बानाबाईंनी मेव्हण्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "लई हाय." मेव्हणा दुपारच्याच गाडीनं आपल्या गावी गेला. त्याला घेऊन आलेल्यानं परत येऊन बानाबाईंना नारळ दिला.

मी ओरडून सांगत होते की हे जंतू नाहीत. माझं कोण ऐकतं? सोमनाथभाऊ मात्र सरळ माझ्यावर आले. "म्याडम, इज्ञान तुमी शिकवलं. आता तुमीच निस्तरा."

म्हणून एका शनिवारी मी बानाबाईंना घेऊन शहरात निघाले. कडूबा आप्पाही आले, पागोटं बांधून. क्रांती चौकात आमची रिक्षा सिग्नलला थांबली. सिग्नल सुटला, रिक्षा हलली, तशा बानाबाई ओरडल्या, "ओ भाऊ, थांबा! लाल हाय!"

"किधर लाल है, मौशी? हरा हो गया."

"तुमच्या मानंवर."

रिक्षावाल्यानं घाबरून मान झटकली. "किडा है क्या? निकालो ना, आप्पा!" आप्पांनी नसलेला किडा काढून बाहेर टाकला, तेव्हा कुठं रिक्षा पुढं गेली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी औषध घालून, दिवा मारून सगळं तपासलं. समोरच्या तक्त्यावर इंग्रजी ई अक्षराची तीन बोटं कुठल्या बाजूला आहेत ते ओळखायचं होतं. बानाबाईंनी शेवटच्या ओळीपर्यंत सगळं बरोबर सांगितलं आणि तक्ता एका कोपऱ्यात फाटलाय हेही सांगितलं. डोळे उत्तम होते. मग डोक्याचा फोटो झाला आणि आम्ही मेंदूच्या डॉक्टरांसमोर जाऊन बसलो. हे तरुण होते आणि बानाबाईंचं ऐकताना त्यांचा चेहरा उजळतच गेला. हलत्या वस्तूमागे रांग लागते का? लागते. उजेडाचा त्रास? होतो. कानात आवाज? रातकिडे.

"डोकं एकदम व्यवस्थित आहे," फोटो बघून डॉक्टर म्हणाले.

"हे तिच्यासमोर बोलू नका, सायेब," आप्पा म्हणाले. "रोज ऐकवील."

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. रेडिओला जशी खरखर येते तशी ही नजरेतली खरखर, डोळ्यांची नाही, मेंदूच्या पाहण्याची. अशी बरीच माणसं असतात, काहींना जन्मापासून असतं आणि जगाला असंच दिसतं असं त्यांना वाटत राहतं. "याला व्हिज्युअल स्नो म्हणतात. स्नो म्हणजे बर्फ."

आप्पांनी हात लांबवून बानाबाईंच्या डोक्यावर ठेवला. "गरमच हाय की."

खात्रीचं औषध अजून नाही, पण जिवाला काही धोकाही नाही, असं डॉक्टर म्हणाले. उजेड टोचतो त्यासाठी गुलाबी काचांचा चष्मा लिहून दिला. बानाबाई मांडीवर हात ठेवून बसून होत्या.

"सकाळी घरून निघाले तवा मी चांगली होते," त्या हळूच म्हणाल्या. "आता त्याला नाव पडलं."

डॉक्टरांनाही बहुतेक वाईट वाटलं. त्यांनी मोबाइल काढला, चॅनल गेल्यावर टीव्हीवर मुंग्या येतात तसलं एक चित्र लावलं आणि बानाबाईंपुढे धरलं. "असं दिसतं का?"

"हां! हेच! पण माझी याच्याहून बारीक हाय." त्या एकदम ताठ बसल्या. आपली खसखस टीव्हीवरच्यापेक्षा चांगली आहे, असं काहीसं त्यांच्या आवाजात होतं.

"मला बघू," आप्पा म्हणाले.

त्यांनी मोबाइल दोन्ही हातांनी धरला, नाकाजवळ नेला, लांब केला. इतका वेळ बघत राहिले की डॉक्टरांनी दारातल्या पुढच्या पेशंटला थांबायची खूण केली. मग आप्पांनी मान वर केली.

"ह्याच्यातनं तू शेरडं वळली?"

"मग?"

"आपल्या पुतण्याच्या लग्नात भाकरी थापल्या, त्या बी ह्याच्यातनंच? सुई ओवती, ते बी?"

"दुसऱ्या कशातनं करणार?"

"मला तर एवढ्यात भोवळ आली," आप्पा म्हणाले आणि मोबाइल परत दिला. जिना उतरताना त्यांनी बायकोचा हात धरला होता. कोण कुणाला सांभाळत होतं ते मला सांगता येणार नाही.

गावात आल्यावर सोमनाथभाऊंनी वेळ घालवला नाही. मंदिराच्या भोंग्यावरून स्वतः पुकारलं, "बानाबाईंना जंतू दिसत नाहीत, हे डॉक्टरनं सांगितलेलं आहे. त्यांना फक्त बर्फ दिसतो. यंत्राचं पाणी निर्धास्त प्या."

पाण्याचा प्रश्न मिटला. पण रब्बीचा कांदा शेतात उभा होता आणि गारपिटीच्या नुसत्या नावानं माणसं दचकायची. दुपारपर्यंत शाळेच्या ओट्यावर नवी गर्दी. बर्फ म्हंजी गाराच ना? कधीपासून दिसतोय? कोणत्या बाजूला जास्त हाय? एकानं तर विचारायच्या आधीच ताडपत्र्या विकत आणल्या होत्या.

बानाबाईंनी चुलीवरचं भगोणं उतरवलं, हात पुसले आणि डाव घेऊन ओट्यावर आल्या.

"ऐका रे! माझा बर्फ माझ्या डोक्यात हाय. तुमच्या कांद्यावर पडायचा नाय. जावा घरी!"

"पण बानाबाई, अंदाजे..."

डाव वर गेला. त्यांना त्याच्या मागे आणखी पाच दिसले असतील. लोकांना एकच दिसला, पण तेवढा पुरला.

हळूहळू सगळं निवळलं. चष्मा आला. गुलाबी काचा, त्यावर डोक्यावरून पदर. पोरांनी "हिरॉईन, हिरॉईन" करून दोन दिवस शाळा डोक्यावर घेतली. बानाबाईंनी चष्मा आठवडाभर वापरला. उजेड खरंच कमी टोचतो म्हणाल्या, पण पुढं तो त्यांच्या नाकावर फारसा दिसेना. मी विचारलं तर नुसत्या हसल्या.

त्याचा उलगडा मला परवा झाला. वैजापूरला त्यांच्या भाचीचा साखरपुडा होता, तिथले फोटो दाखवायला बानाबाई मोबाइल घेऊन आल्या. नवरी आहे, नवरा आहे, व्याही आहेत, आणि प्रत्येक फोटोत मधोमध कडूबा आप्पा, पागोटं बांधून, छाती काढून, डोळ्यांवर गुलाबी चष्मा. जेवताना चष्मा. ओटी भरताना मागे उभे, तिथंही चष्मा.

"शेरडांमागं जाताना बी घालतात," बानाबाई म्हणाल्या. "काढा म्हणलं तर म्हणतात, आता कुठं मला काहीतरी येगळं दिसू राह्यलंय, घालू दे की चार दिवस."

मी हसत सुटले. बानाबाई डोळे बारीक करून फोटोकडे बघत राहिल्या, बोटानं आप्पांचं तोंड मोठं केलं, पुन्हा लहान केलं.

"दिसतात मात्र झ्याक," त्या म्हणाल्या.