जावेच्या अंगणातलं ऊन

जोहे गावात आमचं घर आणि धाकट्या जावेचं घर समोरासमोर, मधे बैलगाडी जाईल एवढी वाट. वाटण्या झाल्या तेव्हा जुनं घर आम्हाला आलं आणि तिला समोरचं उघडंबोडकं खाचर. मी मनातल्या मनात हसले होते. पण नव्वद सालानंतर गावात घरोघरी प्लॅस्टरच्या गणपतींचं काम वाढलं आणि माझं हसू जिरलं.

प्लॅस्टरच्या मूर्तीला ऊन लागतं. तिच्या अंगणात दिवसभर ऊन. साच्यातून काढलेले गणपती दोन दिवसांत रंगवायला तयार. आमच्या दारात सासऱ्यांच्याही आधीचं जांभळाचं झाड. चार दिवस झाले तरी मूर्ती ओल्याच, वर पिकली जांभळं पडून पांढऱ्या सोंडांवर डाग. व्यापाऱ्यांचे टेंपो तिच्या दारात थांबत आणि ती मला हाक मारून चहाला बोलवी. माझ्या अंगाचा तिळपापड होई. चहा मात्र मी पिऊन येई.

"झाड पाडा," मी नवऱ्याच्या मागे लागले.

"अगो, गणपतींच्या कारखान्याचे पत्रे तापतील. दुपारचा बसवणार नाय."

"तापूंदे!"

खरं सांगते, मूर्ती सुकण्याचं निमित्त होतं. तिच्याकडे होतं तेवढं ऊन मला हवं होतं.

मे महिन्यात जिते गावाहून झाड तोडणारा आला. तो वर चढून दोर बांधत होता, तेवढ्यात जाऊ वाट ओलांडून आली. पदराखाली काहीतरी झाकलेलं. मला वाटलं, आता हिला झाडाचा पुळका येणार. तिनं पदर बाजूला केला. वीतभर उंचीचा शाडूचा गणपती, ओला, डोळे अजून आखायचे होते.

"बाय, घरच्या पूजेचा हाय," ती खाली बघत म्हणाली. "शाडूला ऊन चालत नाय आन माझ्याकडं सावली नाय. गेल्या साली पत्र्याखाली ठेवला तं मानेशी तडकला. कुणाला सांगितला नाय मी. तुझ्या झाडाखाली ठेवू?"

इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

मी तोडणाऱ्याला खाली उतरायला सांगितलं. गावात माझ्या मोठ्या मनाचं कौतुक झालं, नवरासुद्धा दोन दिवस गोड बोलत होता. मोठं मन कसलं! वर्षातून एकदा तरी तिला माझ्या दारात मागायला यावं लागेल, एवढ्यासाठी मी ते जांभूळ राखलं.