रुमालाखालचा भाव

कायदा मुंबईत होतो आणि साऱ्या राज्यावर चालतो. सांगलीच्या हळदीच्या बाजारात तो आमच्या निरीक्षकसाहेबांच्या दोन पायांवर चालत असे, आणि त्यांतला उजवा दुखरा होता.

साठीचं दशक संपत आलं होतं. मी बाजार समितीत कारकून होतो. साहेब सरकारकडून आलेले. नव्या कायद्याचं कुणी कौतुक करू लागलं, की ते चष्मा पुसत म्हणायचे, "कायदा झाला. आता नियम येऊ द्या." नियम आले. "आता उपविधी येऊ द्या." अखेर उपविधीही आले, पिवळट कागदावर छापलेले, आणि साहेबांना म्हणण्यासारखं काही उरलं नाही.

त्यात एक कलम रुमालाचं होतं. तोवर व्यापारी आणि अडत्या रुमालाखाली एकमेकांचा हात धरत आणि बोटं दाबून भाव ठरवत. तुम्हीही पाहिलं असेल. ज्याची हळद, तो शेतकरी शेजारी उभा राहून दोघांच्या तोंडाकडे बघत असे. आता बोली उघड, मोठ्याने लावायची होती.

पहिल्या दिवशी साहेबांनी कलम वाचून दाखवलं. व्यापाऱ्यांनी ते शांतपणे ऐकलं आणि शांतच राहिले. दुपारपर्यंत एक पोतं हललं नाही.

"बोला की," साहेब म्हणाले.

"साहेब, बोलायलाच पाहिजे असं कुठं लिहिलंय?" एका व्यापाऱ्याने विचारलं.

साहेबांनी पुस्तिका पुन्हा चाळली. "नाही लिहिलेलं." खोटं त्यांना जमत नसे.

मग कोरेगावकडचा एक शेतकरी पुढे आला. ज्याच्यासाठी हे कलम केलं, तोच.

"आवं सायेब, हिरीवरचं इंजन बंद पडलंय. आज हळद गेली न्हाई तर ऊस वाळंल. ऱ्हाऊ द्या की त्यो रुमाल."

साहेबांनी पुस्तिका मिटली. मग भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. पाठीमागे सौदा झाला.

संध्याकाळी ते अहवाल लिहायला बसले. "उपविधीचा भंग झाला. हजर अधिकारी, मी स्वतः."

"कशाला लिहिता, साहेब? तुम्ही तर भिंतीकडे बघत होता," मी म्हणालो.

"तेच लिहितोय."

महिन्याभरात त्यांची पाटणला बदली झाली. तिथल्या चढउतारावर त्या पायाचं काय होईल, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

पुढच्या हंगामात वरून तंबी आली आणि व्यापाऱ्यांना कंठ फुटला. उघड लिलाव सुरू झाल्याचं मी साहेबांना कार्डावर कळवलं. उलट टपाली त्यांचं कार्ड आलं. एवढंच होतं: "भाव किती निघाला?"

ते कार्ड बरेच दिवस माझ्या टेबलावर होतं. उत्तर लिहायचं राहिलं, आणि एक दिवस साहेब गेल्याचं कळलं.

भाव रुमालाखाली निघायचा तेवढाच निघाला होता.