उतारावरही पाय थांबत नाहीत

रविवारी सकाळी आमच्या चौबे कॉलोनीतल्या अंगणात तीन सायकली टेकल्या, की पोह्यांच्या ताटल्या धुवून होतात, किस्से मात्र तिथंच पडून राहतात. कोणता आधी उचलू! सायकली नातीच्या, जुहीच्या, अन् तिच्या दोन दोस्तांच्या: आमच्याच गल्लीतला अनिकेत अन् बूढ़ापारा मोहल्ल्यातला टिकेश. या सायकलींले फ्रीव्हील नाही. चाक फिरते तोवर पायडल फिरते. उतारावर आपण पाय सोडून मजेत बसतो ना, तसं इथं नाही.

"मग थकलं तर?" मी विचारलं.

"आजी, उतार पे थकना मना है!" जुही म्हणे.

*

आता रायपुरात उतार आणायचा कुठून? म्हणून फ्लायओव्हर! टिकेशनं समोर, पायडलापाशी, चेनची लहान चकती लावली होती; तिनं चढ सोपा जाते, पण पाय जास्त फिरवावे लागतात. चढताना राजा! उतरताना पाय असे पळाले, जशी शिलाई मशीन. शेवटी बिचाऱ्यानं दोन्ही पाय वर उचलले, अन् पायडलं खाली एकटीच गरगरून राहिली.

"रोक ना बे!" अनिकेत ओरडला.

"मैं चला ही नहीं रहा हूँ!"

*

हे ऐकलं अन् मी नियमच करून टाकला. समोरच्या चाकाले ब्रेक नाही, त्याले पोहे नाही.

"आजी, ब्रेक लावला की सायकलची शान जाते," अनिकेत म्हणे.

"मग शान खा!" मी म्हटलं.

पुढच्या रविवारी तिन्ही सायकलींले ब्रेक!

*

भनपुरीकडं ट्रकच ट्रक. टिकेश कडेकडेनं चालवे, रेतीतून, गिट्टीतून. जुही मात्र लेनच्या मधात. म्हणे, कडेला गेलं की ट्रकवाला घुसतो. मधात राहिलं तर त्याले आपण दिसतो, नीट जागा पाहूनच पुढं जावं लागते. एक ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "मैडम, सड़क पापा की है क्या?"

"नहीं भैया, दादी की!"

घरी येऊन तिनं सांगितलं. मी खूप हसली. मग स्वयंपाकघरात जाऊन जरा उभी राहिली. एवढं मोठं मले कोणी काही दिलं नव्हतं.

*

मग जुहीले बेंगलोरला नोकरी लागली. सायकल व्हरांड्यात राहिली. पोट्टे रविवारी येतच राहिले. मी जुहीच्या सायकलचा टायर अंगठ्यानं दाबून पाहायची. नरम लागला की अनिकेतले म्हणायची, "हवा भर."

"काहून? चालवते कोण?"

"तू भर ना!"

फोनवर विचारायची, "कधी येतं?" ती म्हणे, "देखती हूँ, आजी." ती पाहून राहिली, मी पाहून राहिली, अन् मधातून दिवाळी निघून गेली!

*

आली शेवटी, पण दोनच दिवस. दुसऱ्या दिवशी चार तासांवरचा केशकालचा घाट उतरायचा, अन् त्याच संध्याकाळी रायपुराहून ट्रेन. घाटासाठी तिनं सायकलले सगळ्यात मोठी चकती लावली, म्हणजे उतारावर पाय फार पळत नाहीत.

"अन् चढाचं काय?" मी विचारलं.

"चढाव के लिए गाड़ी है ना!"

टिकेशच्या काकानं सगळ्यांले गाडीतून वर नेलं. मीही गेली. मग पोट्टे उतरायले लागले, आमची गाडी मागं. वळण आलं की जुही आधीच हळू होये, आपल्याच बाजूनं जाये. जास्त झुकलं तर आतलं पायडल रस्त्याले लागते, अन् ते तर थांबवता येत नाही. मी तिच्या पाठीकडं पाहत होती. प्रत्येक वळणावर वाटे, अजून एक असू दे.

"भैया, हळू," मी टिकेशच्या काकाले म्हटलं.

"दादी, इससे धीरे तो गाड़ी बंद हो जाएगी!" मागचे ट्रक हॉर्न देऊन राहिले होते.

घाट संपला. अनिकेत सायकली गाडीवर चढवायले लागला. जुहीनं पाणी प्यायलं, सायकल फिरवली, अन् परत घाटाकडं निघाली. वर!

"दीदी, ट्रेन छूट जाएगी!" टिकेश ओरडला.

तिनं मागं पाहिलं नाही. ती मोठी चकती अन् तो चढ! पायडलवर उभी राहून जोर लावून राहिली होती, सायकल मुंगीसारखी सरकत होती. मी गाडीतून उतरली. तिच्या बाजूनं चालू लागली. तिची चाल अन् माझी चाल एकच!

"आजी, गाडीत बस ना."

"तू चालव," मी म्हटलं.