प्रज्ञाचं नाक आणि माझा अँकर

"दातावर दात ठेव गं! तोंड उघडलं की गेलं सगळं!"

सत्तर मीटरच्या लाइनवर मी प्रज्ञाच्या मागं उभी राहून ओरडत होते. तिनं बाण सोडला. मधल्या पिवळ्यात बसायच्या ऐवजी तो निळ्यात गेला. आधीचा वर काळ्यात होता, त्याच्या आधीचा खाली लालमध्ये. ट्रायलला आठ दिवस उरले होते आणि पोरीचे बाण नुसते वरखाली पसरत होते.

मी परभणीत आर्चरी शिकवते. धनुर्विद्या म्हटलं की लोक हात जोडतात आणि आर्चरी म्हटलं की विचारतात, नोकरी लागते का? प्रज्ञा माझ्याकडं तीन वर्षं होती. रोज ताडकळसहून सकाळच्या एसटीनं यायची. ट्रायल होती निवासी प्रशिक्षण केंद्राची, आणि वयाच्या अटीत तिचं हे शेवटचं वर्ष होतं. इथं नाव लागलं नाही तर बारावीनंतर धनुष्य बंद. हे तिलाही माहीत होतं, मलाही.

आता अँकर म्हणजे काय ते सांगते. बंदुकीला पुढं माशी असते आणि मागं खाच. दोन्ही जुळवून नेम धरतात. आमच्या धनुष्याला पुढं साइट असते, मागं काही नसतं. मागची खाच म्हणजे खेळाडूचा चेहरा. दोरी ओढून हात जबड्याखाली टेकवायचा. दोरी हनुवटीच्या मध्यावर आणि नाकाच्या शेंड्याला लागली पाहिजे. हाच अँकर. दर बाणाला तीच जागा. दोन मिलिमीटर इकडंतिकडं झालं तर सत्तर मीटरवर बाण जवळजवळ वीतभर सरकतो.

मी आधी धनुष्यावर संशय घेतला. आम्ही कोच लोक नेहमी तिथूनच सुरुवात करतो, धनुष्य उलट बोलत नाही. दोरीची उंची मोजली, बोल्ट बघितले, बाणांची पिसं तपासली. सगळं जागच्या जागी. मग पहिल्यापासून बाण मोजत उभी राहिले. पहिले बारा-पंधरा बाण बरे जायचे. नंतर विस्कटायचे. म्हणजे पोरगी थकली की अँकर हलत होता.

शेवटी माझ्या जुन्या कोचचा उपाय काढला. प्रज्ञाला आरशासमोर उभं केलं. तिच्या हनुवटीवर काजळाचा एक ठिपका दिला, नाकाच्या शेंड्यावर दुसरा. दोरी दोन्ही ठिपक्यांवर आली की झालं. ती आणायची. तीन दिवस तेच चाललं.

"मॅडम, मान लय दुखायलीय."

"दुखू दे. माझी पण दुखायची."

हे खोटं होतं. माझी मान कधीच दुखली नाही.

मीही खेळाडू होते. चांगली होते, सांगायला लाज कशाला? मग खांद्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगून टाकलं, आता धनुष्याला हात लावायचा नाही. नाही लावला. पण बसची वाट बघत उभी असले तरी उजवा हात आपोआप हनुवटीखाली जातो. लोकांना वाटतं, बाई विचारात आहे. ओठाला दोरी लागते ना, तो गार स्पर्श मला अजून हवाहवासा वाटतो. एकदा, फक्त एकदा ओढून बघावं असं रोज वाटतं. प्रज्ञा भेटल्यावर ते जरा कमी झालं होतं. तिला उभं कसं राहायचं, श्वास कुठं सोडायचा, वेणी कुठल्या बाजूला टाकायची, सगळं माझ्यासारखं शिकवलं होतं मी. ती लाइनवर गेली की मला बरं वाटायचं.

चौथ्या दिवशी तिची आई, कमलताई, संमतीपत्रावर सही करायला आल्या. ताडकळसला ब्लाऊज शिवतात. हात गुंतलेला असला तरी नजर दारातून येणाऱ्या बाईच्या खांद्यावर असते, अशी बाई.

"जय भीम मॅडम," म्हणाल्या आणि लेकीकडं बघून हसल्याच. "आन् हे काय गं? तीट लावायचं वय ऱ्हायलंय का तुझं?"

मी अँकर समजावून सांगितला. मोबाइलमधला माझा जुना फोटो दाखवला, दोरी पूर्ण ओढलेला. "असं यायला पाहिजे, ताई."

त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. बराच वेळ बघितला. मग जाऊन लेकीच्या बाजूला उभ्या राहिल्या. दहा बाण झाले, वीस झाले. बाई हलल्या नाहीत.

"मॅडम, राग नका मानू. तुमचं नाक हाय सरळ, लांब. आमची नकटी, बापावर गेलेली. हिचं नाक दोरीपतोर पोचतच न्हाई. मंग ती मुंडी खाली घालायली. थकली की मुंडी वर यायली."

"आई!" प्रज्ञा ओरडली.

"काय आई? नकटीला नकटीच म्हनावं." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "माझी गिऱ्हाइकं आसंच करतेत. बहिनीचा ब्लाऊज आनतेत आन् म्हनतेत, ह्याच्यावरून शिवा. मंग काखंत आवळतंय."

मी तापले. शिलाई मशीनवरची बाई मला अँकर शिकवणार? पण मोबाइल हातात घेतला. बाजूनं व्हिडिओ काढला. पहिला बाण आणि तिसावा बाण शेजारी शेजारी लावून बघितले. डोकं चांगलं बोटभर वर गेलं होतं. बाई शंभर टक्के बरोबर होत्या.

"मान सरळ ठेवली तर दोरी कुठं येते तुझी?" मी प्रज्ञाला विचारलं.

"ओठाच्या कोपऱ्यापाशी."

"मग आधी बोलायला काय झालं होतं?"

"तुमच्या फोटोत दोरी नाकाला लागलेली हाय ना, मॅडम."



ट्रायलला चार दिवस असताना अँकर बदलणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. बिघडलं असतं तर पोरीचं वर्ष माझ्यामुळं गेलं असतं, आणि तिला दुसरं वर्ष नव्हतं. पण जुन्या अँकरवर ती नक्की पडणार होती. नाकाचा नाद सोडला. दोरी हनुवटीच्या बाजूला घेतली आणि ओठाच्या उंचीवर दोरीला दोऱ्याची एक बारीक गाठ मारली. नियमात बसतं ते. दर बाणाला ओठ त्या गाठीला लागला की जागा पक्की. याच कामाचं प्लास्टिकचं मिळतं त्याला किस बटन म्हणतात. पालकांसमोर आम्ही नुसतं बटन म्हणतो. मग साइट नव्यानं लावली.

पहिले दोन दिवस बघवत नव्हते. एक बाण तर टारगेट सोडून मागच्या बाभळीत गेला. प्रज्ञा रडली. मी रागावले, मग तिला चहा पाजला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सहा बाण पिवळ्या-लालमध्ये बसले. मानेचं विचारलं तर म्हणाली, "कुठं काय? दुखतच न्हाई."

ट्रायलला पहिल्या फेरीत घाबरली, नंतर सावरली. यादीत शेवटचं नाव तिचं होतं. शेवटचं, पण होतं. कमलताईंनी मला मिठी मारली आणि खांदा दुखला.

मागच्या महिन्यात तिच्या केंद्रातल्या कोचचा फोन आला. "मॅडम, अँकर छान बसवलाय. स्टाइल कुणाची म्हणायची ही?"

"तिचीच," मी म्हटलं.

शिकवणाऱ्यानं आधी समोरच्याचं तोंड नीट बघावं, एवढंच मी यातून शिकले. तीन वर्षं मी प्रज्ञाला बघत नव्हतेच. मी मला बघत होते, धनुष्य ओढताना. ते आता परत दिसायचं नाही. आठवण फार येते. कुणी विचारलं तर मी सांगते, प्रज्ञाची येते.