सड्याखालचं पाणी

भूगोलाच्या तासाला मी दरवर्षी एक प्रयोग करायचे. जांभ्या दगडाचा वाळलेला तुकडा टेबलावर ठेवायचा आणि पेल्यातलं पाणी त्याच्यावर अगदी हळू ओतायचं. टेबल फारसं भिजायचं नाही. मुलं पुढे वाकून बघायची. मी म्हणायचे, "बघा, हा दगड पाणी पितो. सड्यावर पडलेला पाऊस असाच आत मुरतो आणि खाली उतारावर झरा होऊन बाहेर येतो." रत्नागिरीतल्या शाळेत सव्वीस वर्षं मी हे शिकवलं. त्यामुळे मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोय मला उरलेली नाही.

आमचं गाव शहरापासून एस.टी.ने तासाभरावर. वडिलांच्या मागे माझ्या आणि भावाच्या नावावर जे राहिलं त्यात गावाच्या डोक्यावरचा सडा होता. सडा म्हणजे सपाट उघडा कातळ. पावसाळ्यात त्याच्यावर गुडघाभर गवत आणि बारीक रानफुलं, दसऱ्यानंतर नुसता तापलेला दगड. सातबाऱ्यावर त्याच्यापुढे 'पोटखराबा', म्हणजे लागवडीला निरुपयोगी, असं लिहिलेलं होतं आणि आम्ही भावंडंही त्याला तसंच मानत होतो. खालच्या वाडीतल्या लोकांची गुरं तिथे चरायची, बायका गवत कापून न्यायच्या. आम्ही कधी अडवलं नाही आणि त्याला आम्ही आपला मोठेपणा समजायचो.

खालच्या वाडीत एक काकी होती. नात्याची नव्हे, पण आईच्या वेळेपासून येणंजाणं असलेली. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. भातकापणी झाली की वाडीतले लोक झऱ्याच्या ओहोळावर दगडमातीचा बांध घालायचे आणि त्या पाण्यावर काकी मळा करायची. लाल माठ, मुळा, वांगी, वाल. सकाळच्या गाडीने टोपली घेऊन ती रत्नागिरीच्या बाजारात यायची आणि परतताना शहरातच मांडवीला आमच्या भाड्याच्या घराच्या दारात माठाची जुडी टाकून जायची. "घे बाय, झऱ्याच्या पान्यावरचा हाय," असं म्हणायची. पैसे देऊ केले तर रागवायची.

मग जांभ्याचे चिरे, म्हणजे बांधकामाचे चौकोनी दगड, कापून विकणारा एक खाणवाला ठेकेदार भावाकडे मुंबईला पोचला. भावाचा फोन आला.

"पडून राहिलाय तो सडा. आपल्यानंतर तिथे कोण जाणार आहे? चिरा चांगला आहे म्हणतोय तो."

मी म्हणाले, "बघू या." पण मनातून मी तयारच होते. मांडवीला आमचं नवं घर तेव्हा अर्धवट बांधून पडलं होतं. ठेकेदाराने आमच्या घराला लागेल तेवढा चिरा द्यायचं कबूल केलं. मी सही केली.

मोजणीच्या दिवशी मी सड्यावर गेले होते. ठेकेदाराची माणसं चुन्याने रेघा मारत होती. काकी गवत कापायला आलेली. कोयता हातात तसाच धरून ती माझ्याजवळ आली.

"बाय, हय काय करतत?"

"चिरे काढणार आहेत, काकी."

ती रेघांच्या कडेने चार पावलं चालून आली. मग म्हणाली, "पन पानी हितनाच खाली जाता ना? वरचा दगड काढलात तर आमचा झरा कुठना येल?"

माझ्या इतक्या वर्षांच्या भूगोलाचा सगळा सारांश तिने दोन वाक्यांत सांगितला होता. मी वर्गात बोलायचे त्या शांत, खात्रीच्या आवाजात म्हणाले, "झऱ्याचं पाणी खूप खोलातून येतं, काकी. वरचे चार हात दगड काढले तर त्याला काही होत नाही. तू काळजी करू नकोस."

"तू सांगतस म्हंजे बरोबरच आसंल," ती म्हणाली आणि पुन्हा गवताला लागली.

मी घाबरून किंवा गोंधळून बोलले असते तर आज स्वतःला थोडं माफ तरी केलं असतं. तसं नव्हतं. तिने पुढे काही विचारू नये एवढंच मला हवं होतं, आणि कोणत्या आवाजात बोललं की माणसं विचारायची थांबतात हे मला चांगलं माहीत होतं.

खाण सुरू झाली. चिरे कापणारं यंत्र दिवसभर किंचाळायचं. लाल धूळ उडून उतारावरच्या काजूंवर बसायची. पावसाळ्यात खड्डा भरून काम अडू नये म्हणून ठेकेदाराने रस्त्याच्या अंगाला खोल चर मारला आणि पाणी तिकडून सोडून दिलं. आमचं घर पुरं झालं. येणारे-जाणारे भिंतीवरून हात फिरवून म्हणायचे, "गावचा चिरा! वेगळाच रंग आहे." मला ते ऐकायला आवडायचं.

दुसऱ्या वर्षी माठाची जुडी येणं बंद झालं. माझ्या ते लक्षात आलं. झरा पौषातच आटल्याचंही कानावर आलं, आणि मी भेटेल त्याला सांगितलं की यंदा परतीचा पाऊस कमी झाला. तिसऱ्या वर्षी तोंडात बसलेलं तेच कारण मी पुन्हा सांगितलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी मारुती मंदिराच्या थांब्यावर मला काकी दिसली. एकदम ओळखू आली नाही. खांद्याला पिशवी, पायात रबरी चपला, कपड्यांना कोळंबीचा वास. बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली.

"काकी, तू इकडे कुठे?"

"मासळीच्या कंपनीत जाते मी. कोळंबी सोलूक. गाडी येता वाडीत न्यायला, पन आज उशीर झाला नि चुकली."

मी तिच्या हातांकडे पाहिलं. बर्फाच्या पाण्यात राहून बोटांची टोकं पांढरी पडली होती, कातडी सुटली होती. तिने ती पदराखाली घेतली.

"आणि मळा?"

"मळा कसला आता. पानीच नाय. बांध घालायला गेलो तर ओहोळ कोरडा." आणि मग, अगदी सहज, जणू मला बरं वाटावं म्हणून, ती म्हणाली, "तू म्हनली व्हतीस खोलातना येता. खोलातला पन आटला आसंल. आता सगळीकडेच तसा चाललाय ना?"

मी खिडकीबाहेर बघू लागले.

"वाडीतले अर्ज करायला निघाले व्हते तेव्हा," ती पुढे सांगू लागली. "खानीच्या विरुद्ध. सह्या पन घेतलेल्या. मीच सांगितला त्यांना, बाय मास्तरीण हाय, तिने सांगितलाय काय व्हनार नाय. मग ठेवला त्यांनी तो कागद."

माझा थांबा आला होता. उतरायच्या आधी खरं काय ते सांगायला हवं होतं. मी "येते हां काकी" म्हणाले आणि उतरले. बस वळून जाईपर्यंत तिथेच उभी राहिले.

त्या जूनमध्ये शाळेत पुन्हा तो धडा आला. दगडाचा तुकडा कपाटात होता. मी तो काढलाच नाही. मुलांना धडा मनात वाचायला सांगितला आणि तास संपेपर्यंत खिडकीशी उभी राहिले.

ठेकेदाराचा करार त्या वर्षी संपत होता. मी भावाला कळवलं की आता मी सही करणार नाही. तो चिडला.

"झालं ते झालं ना? आता अर्धा सडा ठेवून तुला मिळणार काय आहे? आणि तुझ्या घराच्या भिंती कशाच्या आहेत?"

त्याचं खरंच होतं. तरी मी सही केली नाही. यंत्रं गेली. पाऊस संपल्यावर एका रविवारी मी गावात गेले आणि खालच्या वाडीच्या देवळात लोकांना बोलावलं. पंधरा-वीस माणसं आली. काकीही आली, खांबाला टेकून बसली.

मी उभी राहून सांगितलं की दगड काढला तर झरा आटेल हे मला तेव्हाच माहीत होतं. मी ते मुलांना शिकवत होते. काकीने मला विचारलं तेव्हा मी खोटं बोलले.

कोणी आवाज चढवला नाही. मागे बसलेला एक माणूस म्हणाला, "तेव्हा बोलला असतात तर यंत्र आमी वर चढूच दिला नसता." एवढंच. काकी माझ्याकडे बघत होती. मग ती उठली, पदर सारखा केला आणि देवळाच्या पायऱ्या उतरून घरी गेली. त्यानंतर वर्षभर ती माझ्याशी बोलली नाही. रस्त्यात दिसले तरी नजर सरळ पुढे ठेवून जायची.

त्या दिवशी देवळात एवढं सांगून मी गप्प बसायला हवं होतं, पण मी माझ्यासोबत एक आराखडाही नेला होता. खाण बुजवायची, वर झाडं लावायची, कुंपण घालायचं. रात्री जागून रंगीत पेन्सिलींनी काढला होता. वाडीतल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने तो हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि गुंडाळून मला परत दिला.

"बाई, सड्यावर झाडा लावून काय करता? तिथं गवत हवा. गुरा कुठं जातील? आन् कुंपन घालून आमालाच बाहेर काढताव?"

मला शरम वाटली. चूक कबूल करायला गेलेली मी पुन्हा त्यांना शिकवायला बसले होते.

"मग काय करू या?" मी विचारलं. त्या वाडीत आयुष्यात पहिल्यांदाच मी हे विचारत होते.

"पैला तो चर बुजवा," तो म्हणाला. "पानी तिकडं रस्त्याला पळता. ता हितं थांबला तर कायतरी खाली जाईल."

दुसऱ्या दिवशी आम्ही वर गेलो. चर त्याने दाखवला तेव्हा मला कळलं, की इतकी वर्षं मी झऱ्याबद्दल अपराधी वाटून घेत होते, पण पाणी नेमकं कुठे जातंय ते बघायला एकदाही वर आले नव्हते. खाणीतल्या तुटक्या चिऱ्यांनीच चर बुजवला. तळाशी दगडाच्या भुकटीचा घट्ट थर बसला होता, तो बायकांनी कुदळीने फोडला. मी टोपल्या वाहिल्या. माझी पाठ आठवडाभर दुखत होती आणि त्याबद्दल मी घरी एक अक्षर काढलं नाही.

भावाला समजवायला त्याहून जास्त वेळ लागला. शेवटी गणपतीला तो आला तेव्हा मी त्याला वर नेलं. खाणीच्या काठावर तो बराच वेळ उभा राहिला. खाली आल्यावर त्याने कागदावर सही केली. सड्यावर गुरं चारायचा, गवत कापायचा, पाणी अडवायचा हक्क वाडीचा राहील आणि वाडीला विचारल्याशिवाय तिथला एक दगडही हलणार नाही, असं आम्ही लिहून दिलं. काही जणांना तो माझा मोठेपणा वाटला. त्यांनी तसं म्हटलं की मला तिथून निघून जावंसं वाटतं.

झरा पहिल्यासारखा झालेला नाही. पूर्वी तो शिमग्यापर्यंत चालायचा. आता पौष संपेपर्यंत तग धरतो, एखाद्या वर्षी माघातही ओल असते. दोन घरांनी पुन्हा मळा सुरू केला आहे. काकीने नाही केला. तिचे गुडघे आता चिखलात टिकत नाहीत आणि कंपनीत बसून काम असतं, म्हणून ती अजून तिथेच जाते. तिच्या मळ्याच्या जागी तण माजलंय. ते मी तिला परत देऊ शकत नाही.

आता मी निवृत्त झाले आहे. दरवर्षी कापणीनंतर ओहोळावर बांध घालायला जाते. मला चिखल लिंपायचं काम असतं, कारण दगड बसवायला मला जमत नाही. मागच्या वर्षी मी वाकून फटींत चिखल भरत होते तेव्हा काठावर सावली पडली. काकी होती. कंपनीची गाडी यायला अवकाश असावा. ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली. मी मान वर केली नाही.

"त्या अंगाला गळता," ती म्हणाली. "खालच्या दगडाशी. हात घाल आत."

मी हात घातला. थंड पाणी बोटांच्या फटींतून जोरात वाहत होतं.

"घावला," मी म्हणाले.

"मग दाबून बस. जरा वेळ लागता."

मी गवताचा बुचका चिखलात मळून आत कोंबला आणि दोन्ही तळव्यांनी दाबून धरला. वर रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. काकीने पिशवी खांद्याला लावली आणि चढ चढू लागली. पाणी अजून थोडं थोडं झिरपत होतं. मी हात काढला नाही.